शब्दचर्चा : शुश्रूषा, परिचर्या की नर्सिंग?

मुद्रितशोधक :
नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठीच्या एका मराठी पाठ्यपुस्तकाची मुद्रितं तपासतोय. पहिल्याच प्रकरणात शुश्रूषा, सुश्रुषा, परिचर्या आणि नर्सिंग असे चार शब्द एकाच अर्थाने आलेत. एक ठेवून बाकीचे उडवावेत असं मला वाटतं. लेखिकाबाई म्हणतात, ‘राहू द्या हो, मुलांना सगळे कळतात.’ कोणता ठेवू? आणि शुश्रूषाचं शुद्धलेखन एकदाचं कुणीतरी सांगा.

व्याकरणवेडा :
पहिला ‘शु’ ऱ्हस्व, दुसरा ‘श्रू’ दीर्घ, दोन्ही ठिकाणी शहामृगातला श आणि शेवटी षटकोनातला ष. ‘सुश्रुषा’ लिहिणाऱ्यांच्या डोक्यात बहुधा सुश्रुत असतो. नातं आहे म्हणा, धातू एकच : श्रु, ऐकणे. पण शुश्रूषा म्हणजे मुळात ‘ऐकण्याची इच्छा’. जिज्ञासा म्हणजे जाणण्याची इच्छा, पिपासा म्हणजे पिण्याची, त्याच साच्यातला हा शब्द. ज्याचं ऐकायचं त्याची सेवा करायची, अशा वाटेने तो सेवेपर्यंत आला. गंमत म्हणजे ‘चिकित्सा’ही त्याच साच्यातून निघालेली आहे, फक्त तिच्यात इच्छेचा अर्थ उरलेला नाही.

परिचर्येत ‘चर्’ आहे, म्हणजे भोवती वावरणं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, नवव्या अध्यायात, उपचाराचे चार पाय सांगितलेत : वैद्य, औषध, उपस्थाता आणि रोगी. उपस्थाता म्हणजे जवळ उभा राहणारा. उपचाराची जाण, दक्षता, रुग्णाविषयी आपुलकी आणि शुचिता हे त्याचे चार गुण. ‘अष्टांगहृदय’ लिहिणारा वाग्भट त्यालाच ‘परिचारक’ म्हणतो, आणि शब्द पुल्लिंगी आहे. तेव्हा ‘परिचारिका’ या नावाने सुरू होणाऱ्या पुस्तकाने निम्म्या वाक्यांत तरी परिचारकाला जागा द्यायला हरकत नाही.

मुद्रितशोधक :
म्हणजे दोन्ही शब्द तोलामोलाचे. माझं काम वाढवलंत.

व्याकरणवेडा :
इंग्रजीतही सगळं आलबेल नव्हतं. नर्स हा शब्द लॅटिनमधल्या पोसणे, अंगावर पाजणे या अर्थाच्या क्रियापदापासून फ्रेंचमार्गे आलेला, म्हणजे मुळात दाई. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५९ साली नर्सिंगवर पुस्तक लिहिलं, त्यात सुरुवातीलाच तिने सांगून टाकलं की याहून बरा शब्द सापडत नाही म्हणून हा वापरते. लोकांनी त्याचा अर्थ औषध देणं आणि पोटीस बांधणं एवढाच करून ठेवलाय, आणि खरं तर त्यात मोकळी हवा, उजेड, ऊब, स्वच्छता, शांतता, योग्य आहार हे सगळं यायला हवं, ही तिची तक्रार. शब्द अपुरा असतो तो असा. तुम्ही कुठलाही ठेवा.

वॉर्डातली :
मी वीस वर्षं वॉर्डात काढली, आता शिकवते. ‘शुश्रूषा’ हा शब्द परीक्षेबाहेर माझ्या तोंडून कधी निघाला नाही. वॉर्डात सिस्टर आणि ब्रदर. त्यामुळे मुखपृष्ठावर काय छापायचं ते तुम्ही दोघं ठरवा. मला त्या मुद्रितांतलं दुसरंच बघायचंय. ‘निर्जंतुकीकरण’ शब्द शोधा आणि कुठे कुठे आलाय ते सांगा.

मुद्रितशोधक :
शोधला. ‘उपकरणे उकळून निर्जंतुक करावीत.’ पुढे ‘ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करावीत.’ आणि ‘फरशी निर्जंतुक करून घ्यावी.’

वॉर्डातली :
तेच. तीन वेगळ्या गोष्टींना एक शब्द. ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखालच्या वाफेत १२१ अंश सेल्सिअसला निदान १५ मिनिटं ठेवलं की जंतूही मरतात आणि त्यांचे बीजाणूही, म्हणजे टणक कवचातली त्यांची सुप्त रूपं. उकळत्या पाण्यात बीजाणू तग धरू शकतात. फरशी पुसून तर जंतू फक्त कमी होतात. स्टरिलायझेशन आणि डिसइन्फेक्शन यांत हाच फरक, आणि तुमच्या पुस्तकात तो पुसला गेलाय. उपकरणं बुडवून ठेवायच्या २ टक्के ग्लुटराल्डिहाइड या जंतुनाशक द्रावणाचं उदाहरण घ्या. साधारण २० मिनिटं बुडवलं तर वरच्या दर्जाचं डिसइन्फेक्शन होतं, बीजाणूंसकट सगळं मारायचं तर १० तास लागतात. द्रावण एकच, भांडं एकच. पुस्तकात दोन्हीकडे ‘निर्जंतुकीकरण’ लिहिलं तर विद्यार्थ्याने घड्याळ कधी बघायचं?

व्याकरणवेडा :
‘निर्जंतुक’ म्हणजे जंतू नाहीतच. तो शब्द फक्त ऑटोक्लेव्हवाल्या अर्थाला ठेवा. जंतुनाशक आपल्याकडे रुळलेला आहेच, तेव्हा दुसऱ्याला जंतुनाशन. फरशीला सरळ ‘जंतुनाशकाने पुसावी’. आणि त्वचेवर लावायचं ते पूतिरोधक. पूति म्हणजे सडण्याचा वास, कुजणं. ग्रीक ‘सेप्सिस’चा अर्थही कुजणंच, त्यामुळे भाषांतर अगदी चपखल बसतं.

वॉर्डातली :
चपखल आहे, पण बाटलीवर ‘अँटिसेप्टिक’ असतं. आधी ते लिहा, मग तुमचं पूतिरोधक.

आणि ‘शीर’ बघा. ‘शिरेतून औषध द्यावे’ म्हणजे व्हेनमधून, ठीक. पण पेशंट ‘शीर दबलीय’ म्हणतो तेव्हा तो नर्व्हबद्दल बोलत असतो. मी एका पुस्तकात वाचलंय : ‘नितंबात इंजेक्शन देताना शिरेला इजा होणार नाही याची काळजी घ्यावी.’ भीती कशाची, तर नितंबातून पायात जाणाऱ्या सायटिक नर्व्हची, म्हणून तर वरचा बाहेरचा चतुर्थांश निवडायला शिकवतात. आणि मुलं शिकतात की सुई रक्तवाहिनीत जाऊ नये! तेही खरंच आहे, त्यामुळे चूक कुणाच्या लक्षात येत नाही. तिथे ‘मज्जातंतू’च हवा.

पहिलं वर्ष :
मी फक्त वाचत होते, पण आता सांगतेच. पुस्तकातून ‘पक्षाघात’ पाठ करून वॉर्डात गेले. एका पेशंटची मुलगी म्हणाली, ‘आईच्या अंगावरून वारं गेलं.’ मला ‘अंगावरून’ आणि ‘गेलं’ एवढंच ऐकू आलं. मी विचारलं, दिवसाला किती पॅड लागतात? ती माझ्याकडे बघतच राहिली.

वॉर्डातली :
अगं, तू एकटी नाहीस! ‘अंग’ हे एक प्रकरणच आहे. अंगावरून वारं गेलं म्हणजे लकवा. अंगावरून जातंय म्हणजे रक्तस्राव, पांढरं जातं म्हणजे श्वेतप्रदर. अंगावर काढलं म्हणजे उपचार न घेता दिवस ढकलले. अंगावर पाजते म्हणजे स्तनपान. आणि बाई खालच्या आवाजात ‘अंग बाहेर येतं’ म्हणाली तर गर्भाशय खाली सरकलंय, तिला परत मोठ्याने सांगायला लावायचं नाही. यातलं एकही वाक्य मी कुठल्या पाठ्यपुस्तकाच्या सूचीत बघितलेलं नाही. रुग्णाशी संवाद या विषयावर मात्र पानंच्या पानं असतात.

दुखण्याचंही तसंच. पुस्तकात ‘वेदना’ हा एकच शब्द. लोकांकडे कळ, चमक, ठणका, ठसठस, मुरडा, आग, कसकस. गळू ठसठसतं, पोटात मुरडा येतो, कंबरेत चमक भरते. कुठलं दुखणं ते अर्धं तिथेच कळतं. एका आजोबांना विद्यार्थ्याने विचारलं, ‘छातीत वेदना आहेत का?’ ते म्हणाले, ‘छे, दुखत नाही. नुसतं भरून आल्यासारखं, कुणी वर बसल्यासारखं वाटतंय.’ त्याने ‘वेदना नाहीत’ असं लिहून टाकलं. हार्ट अटॅकचा पेशंट पुष्कळदा अगदी असंच सांगतो. नशिबाने स्टाफ सिस्टर मागेच उभी होती.

व्याकरणवेडा :
‘शय्याव्रण’ तरी बरा शब्द ना? एकदम नेमका.

वॉर्डातली :
दिसायला नेमका. दोष शय्येचा नसतो, दाबाचा असतो. चाकाच्या खुर्चीत बसून माकडहाडापाशी होतो, ऑक्सिजनच्या मास्कने नाकावर होतो. शब्दात शय्या असल्यामुळे विद्यार्थी फक्त झोपलेल्या पेशंटची पाठ बघतात. मी ‘दाबव्रण’ शिकवते, शय्याव्रण जुनं नाव म्हणून सांगते.

मुद्रितशोधक :
ठरलं. मुखपृष्ठावर शुश्रूषा, शुद्ध रूपात. आत नर्सिंग. निर्जंतुकीकरणाच्या एकवीस जागा लेखिकाबाईंकडे परत पाठवतोय, कुठली कुठल्या अर्थाची हे त्यांनीच सांगायचं. सूचीत पेशंटचे शब्दही घालायला त्या तयार झाल्यात, पण एका जागी अडलोय. प्लासेंटाला पुस्तकात ‘अपरा’ आहे, ‘वार’ कुठेच नाही, आणि एका चित्राखाली चक्क ‘नाळ’ छापलंय.

वॉर्डातली :
नाळ कापतात, वार पडते. चित्राखालचं आज बदला.

मुद्रितशोधक :
बदललं. आणि सूचीत मुख्य नोंद कुठे करू, अपरा की वार?

पहिलं वर्ष :
वार. रात्रपाळीला घाईत पुस्तक उघडलं तर मला अपरा आठवणार नाही.