मदत हवी आहे: रडार चालू असूनही एक्झोसेट वेळेत का ओळखता आले नाही?

शंकासूर:
शुक्रवारी आमच्या वाचनालयात मला युद्धनौकांच्या संरक्षणाविषयी बोलायचे आहे आणि एका मुद्द्यावर गाडी अडली आहे. जहाजावर लांब पल्ल्याचे रडार होते, शत्रूच्या रडारच्या लहरी टिपणारे यंत्र होते, विमानविरोधी क्षेपणास्त्रेही होती. तरीही एक्झोसेट हे जहाजविरोधी क्षेपणास्त्र येऊन आदळेपर्यंत कोणीच काही केले नाही. सोबतच्या जहाजाला मात्र धोका आधीच कळला होता. हे कसे झाले? कृपया दुवे देऊ नयेत, वाचायला सवड नाही.

गोदाकाठ:
जहाज कोणते आणि वर्ष कोणते, हे आधी सांगावे. १९८७ मध्ये आखातात अमेरिकेच्या स्टार्क या युद्धनौकेवरही दोन एक्झोसेट आदळून ३७ नौसैनिक मृत्युमुखी पडले होते, पण तिथली कारणे निराळी आहेत.

शंकासूर:
अर्थातच ब्रिटनची शेफिल्ड, फॉकलंडचे युद्ध, ४ मे १९८२. हे वेगळे सांगावे लागेल असे वाटले नव्हते.

दर्यासारंग:
पृथ्वी गोल आहे, हेच याचे उत्तर. रडार पाण्यापासून २५ मीटर उंच आणि क्षेपणास्त्र ४ मीटरवर धरले, तर ते क्षितिजाआडून वर येते तेव्हा अंतर साधारण २९ किलोमीटर उरलेले असते. सेकंदाला सुमारे ३०० मीटर या वेगाने ते दीड मिनिटात संपते, आणि लाटांवरून परतणाऱ्या लहरींच्या गर्दीत तो ठिपका वेगळा काढणे त्या काळच्या रडारला फार जड जाई.

गोदाकाठ:
दर्यासारंग, क्षितिज तर सोबतच्या ग्लासगो या जहाजालाही तेच होते, मग तिला कसे कळले? अर्जेंटिनाची सुपर एतांदार विमाने खालून उडत आली, पण लक्ष्य शोधण्यासाठी क्षणभर वर येऊन त्यांना आपले रडार चालू करावे लागले. त्याच लहरी ग्लासगोने ओळखल्या, ताफ्याला इशारा दिला आणि चॅफ, म्हणजे धातूचा मुलामा दिलेल्या तंतूंचा फसवा ढग, हवेत सोडला. नेमक्या त्याच वेळी शेफिल्डवरून उपग्रहामार्फत संदेश जात होते आणि त्या प्रक्षेपणामुळे तिचे स्वतःचे लहरी टिपणारे यंत्र निकामी झाल्यासारखे होते. शिवाय आधी खोटे इशारे येऊन गेल्यामुळे ताफ्याच्या हवाई संरक्षणाचा समन्वय करणाऱ्या इन्व्हिन्सिबल या विमानवाहू जहाजाने हाही इशारा खोटाच ठरवला.

सोनचाफा:
खरे कारण ॲल्युमिनियम. जहाजाचा वरचा भाग त्याचा होता, म्हणून ते पेटले.

दर्यासारंग:
ही जुनी आवई आहे. शेफिल्डचा वरचा भाग पोलादाचाच होता. आणि प्रश्न आदळण्यापूर्वीचा आहे, नंतरच्या आगीचा नाही.

कोकणकडा:
माझगाव गोदीत बांधलेल्या कोलकाता वर्गाच्या विनाशिकांवर चारही दिशांना स्थिर पटले असलेले एमएफ-स्टार रडार आणि बराक-८ क्षेपणास्त्रे आहेत. आपल्याकडे असे होणार नाही.

शंकासूर:
कोकणकडा, आभारी आहे, पण मी १९८२ विषयी विचारतो आहे.

जुना_जहाजी:
भाषणात कराचीवरचा हल्लाही घ्या. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री आपल्या निर्घात या नौकेने सोडलेले क्षेपणास्त्र पाकिस्तानच्या खैबर या विनाशिकेला दिसले होते, पण त्यांनी ते विमान समजून विमानविरोधी तोफा चालवल्या. दिसूनही ओळखता आले नाही, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही.

शंकासूर:
जरूर घेतो. पण ग्लासगोचा इशारा आल्यावर शेफिल्डने निदान चॅफ तरी का सोडला नाही? त्यात बिघडणार काय होते?

गोदाकाठ:
प्रत्येक इशाऱ्याला चॅफ सोडला तर साठा संपतो. पण त्या दिवशीचे कारण ते नव्हे. २०१७ मध्ये खुल्या झालेल्या चौकशी अहवालानुसार हवाई संरक्षणाचा अधिकारी ऑपरेशन्स रूममध्ये, म्हणजे लढाई चालवण्याच्या कक्षात, नव्हता, कप्तानाला बोलावले गेले नाही, आणि सुपर एतांदार हवेत इंधन भरून इतक्या लांब येऊ शकते, हे पुरेसे लक्षात घेतले नव्हते. तुमच्या विषयाशी थेट जुळणारा मुद्दा हाच आहे. २० जण गेले आणि ओढून नेताना १० मे रोजी जहाज बुडाले.

सोनचाफा:
पोलाद असेल, पण आग तर लागलीच ना?

शंकासूर:
गोदाकाठ, हेच हवे होते. एक शेवटची शंका: चॅफचा ढग वाऱ्यावर वाहत जातो, मग जहाजाने वळायचे कोणत्या बाजूला? श्रोत्यांत एक निवृत्त कप्तान असतात आणि ते हे विचारल्याशिवाय राहणार नाहीत.