वन बीएचके आणि थ्री बीएचकेला एकच मेंटेनन्स कशासाठी?

बाणेरकर: आमची नोंदणीकृत सहकारी गृहनिर्माण सोसायटी. सेवाशुल्क सगळ्यांना एकच. यंदाच्या सर्वसाधारण सभेत क्लबहाउस, जिम आणि स्विमिंग पूलसाठी ते आणखी वाढलं. माझ्या मजल्यावर वन बीएचकेमध्ये एक आजी एकट्या राहतात. पूलकडे कधी फिरकत नाहीत, तरी समोरच्या थ्री बीएचकेतल्या पाच जणांच्या कुटुंबाएवढेच पैसे भरतात. क्षेत्रफळावर आकारणी करा, एवढंच माझं म्हणणं आहे.

सी-विंग सेक्रेटरी: तशी करता येत नाही. व्हीनस सोसायटीच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने समान आकारणीच उचलून धरली आणि आदर्श उपविधीतही, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या सरकारी नमुना नियमांतही, सेवाशुल्क सर्व सदनिकांना समानच आहे. रखवालदार, जिन्यातले दिवे, सफाई, ऑडिट फी यातलं मोठ्या घराला जास्त काय मिळतं? कचऱ्याची गाडी दाराशी एकदाच येते. जिथे फरक पडतो तिथे बिलात वेगळी ओळ आहेच. पाणीपट्टी नळांच्या संख्येवर. सिंकिंग फंड, म्हणजे इमारतीच्या मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी, वर्षाला सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के, दुरुस्ती निधी ०.७५ टक्के. मोठ्या घरवाला तिथे जास्त भरतोच.

वाकडची सुनबाई: आधी कागद बघा. आमची सोसायटी नाही, १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याखालचं अपार्टमेंट आहे. आमच्याकडे इमारतीच्या घोषणापत्रातल्या अविभक्त हिश्श्याच्या, म्हणजे सामाईक मालकीतल्या प्रत्येक फ्लॅटच्या वाट्याच्या, टक्क्यांवर आकारणी होते, मोठ्या फ्लॅटला जास्त. २०२५ मध्ये पुण्यातल्याच एका संकुलाच्या वादात उच्च न्यायालयाने हेच सांगितलं. बाहेरून दोन्ही इमारती सारख्याच दिसतात, म्हणून निम्मी भांडणं होतात.

बाणेरकर: रखवालदाराचं पटलं, ते समानच असू दे. पण पूल म्हणजे रखवालदार नाही. फिल्टरची मोटर, क्लोरीन, जीवरक्षकाचा पगार... आणि पावसाळ्यात पूल बंद असतानाही बिल तेवढंच. बाहेर टँकर रांगेत उभे आणि आत पूल भरलेला, हे बघवत नाही हो. वापरेल त्याने भरावं.

सी-विंग सेक्रेटरी: मग पंधरा घरं उरतील, त्यांना परवडणार नाही आणि पूल बंद पडेल. बंद पूल म्हणजे साचलेलं पाणी, म्हणजे डास. सगळ्यांच्या मालकीची वस्तू आहे ती, घराच्या किमतीत तिचे पैसे आपण मोजलेत. तळमजल्यावाले लिफ्टचा खर्च देतातच की.

भाडेकरू, बी-विंग: आमचंही ऐका. घरमालक पूर्ण मेंटेनन्स भरतात, वर घर भाड्याने दिलं म्हणून ना-वापर शुल्कही. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, तरी आमच्याकडे जास्त घेतात. आणि आम्ही अविवाहित म्हणून जिमला बंदी, रात्री दहानंतर पाहुण्यांना बंदी. पैसे चालतात तर माणसं का चालत नाहीत?

सी-विंग सेक्रेटरी: १० टक्क्यांची मर्यादा २००१ च्या शासन आदेशातली आहे, त्यावर वाद नाही. मालकाला लेखी तक्रार करायला सांगा, सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जाता येतं. जिमच्या बंदीचं मीही समर्थन करणार नाही.

बाणेरकर: पुढच्या सभेसाठी माझा ठराव असा: पूल आणि क्लबहाउसचा जमाखर्च ताळेबंदात वेगळा दाखवा, आणि बाहेरच्यांचे पोहण्याचे वर्ग, वाढदिवस यांचं भाडं त्याच खात्यात जमा करा. तूट किती ते आजींनाही कळू दे.

सी-विंग सेक्रेटरी: हिशेब वेगळा दाखवायला माझी हरकत नाही, सूचक-अनुमोदकाच्या सह्या घेऊन द्या. शुल्क मात्र समानच राहील, ते बदलायला माझा विरोध कायम आहे.