मदत हवी आहे : हक्कसोडपत्र तिघा भावांपैकी एकाच्याच नावे

नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यातली सामायिक आंबा बाग आहे. सातबारावर अजून दिवंगत वडिलांचं नाव. वारस तीन भाऊ, दोन बहिणी. आधी नमुना ६-क (तलाठ्याकडची वारस नोंदवही) मध्ये वारस नोंद, तिचा फेरफार (सातबारावरच्या नावातला बदल) मंजूर, मगच हक्कसोडाचा दस्त, असाच क्रम धरला आहे. नाव लागायच्या आधी दस्त केला तर पुढचा फेरफार अडकतो.

खरी अडचण पुढेच. बहिणींना आपला हिस्सा फक्त धाकट्या भावाला सोडायचा आहे, कारण फवारणी-राखण तोच करतो. मोबदला काही नाही. वडिलोपार्जित मिळकतीच्या हक्कसोडाला भावंडांत ५०० रुपये मुद्रांक लागतो. पण सोडपत्र एकाच सहहिस्सेदाराच्या लाभात असेल, तर दुय्यम निबंधक त्याला बक्षीसपत्र धरून वेगळं मूल्यांकन मागतात का? अलीकडे कोणी नोंदवलं असेल तर दस्तातली नेमकी वाक्यरचना सांगा.

एक बहीण दुबईत असते. कुलमुखत्यारपत्र (तिच्या वतीने सही करायचा लेखी अधिकार) तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित करून, भारतात आल्यापासून ३ महिन्यांत मुद्रांकित करायचं, इतकं ठरलंय. त्यात 'हक्कसोड' शब्द स्पष्ट हवा ना? नुसत्या 'व्यवस्थापना'च्या अधिकारावर दस्त परत जाईल, अशी धास्ती वाटते.

घराचा ग्रामपंचायत नमुना ८ (घरपट्टीच्या नोंदीचा) उताराही याच दस्तात घ्यावा की वेगळा करावा?