बाबांचा पर्मकॅथ सात महिने तसाच आहे, फिस्टुलासाठी कुठून सुरुवात करू?

नमस्कार. आम्ही भांडुपचे. बाबा ६४, जुना मधुमेह. सात महिन्यांपूर्वी अचानक दम लागला, रातोरात मानेत कॅथेटर घालून डायलिसिस सुरू झालं. मग छातीत पर्मकॅथ, म्हणजे जास्त दिवस ठेवायची डायलिसिसची नळी. "फिस्टुलाचं नंतर बघू" असं डॉक्टर म्हणाले होते (फिस्टुला म्हणजे हातातली धमनी शिरेला जोडायची, मग डायलिसिसच्या सुया तिथे टोचतात). ते नंतर काही उजाडलं नाही.

गेल्या महिन्यात मशीनवर घेतल्यावर तासाभरात त्यांना हुडहुडी भरली, खाट कडकड वाजायला लागली. ब्लड कल्चरमध्ये जंतू निघाले, ॲडमिट करावं लागलं. तेव्हापासून आई ड्रेसिंगकडे डोळ्यांत तेल घालून बघते. अंघोळ नाहीच, ओल्या पंचाने पुसणं. या घामात चिकटपट्टी टिकते कुठे!

सेंटरवर विचारलं तर टेक्निशियन म्हणतो, "फ्लो मस्त आहे, कशाला हात लावता?" बाबांनाही तेच हवंय, कारण फिस्टुलाच्या जाड सुयांची धास्ती. त्यात टूडी एकोत हार्टचं पंपिंग कमी आलंय. अशा पेशंटचा फिस्टुला होतो का? आणि केला की कॅथेटर लगेच निघतो का?

प्रतिसाद: ताई, टेक्निशियनला नको, नेफ्रॉलॉजिस्टना विचारा. "व्हेन मॅपिंगचा डॉपलर लिहून द्या" असं स्पष्ट म्हणा, म्हणजे हातातल्या शिरा बघायची सोनोग्राफी. एकोचा रिपोर्ट सोबत न्या. फिस्टुलाने हृदयावरचा भार वाढतो, त्यामुळे तो निर्णय त्यांचा आणि कार्डिऑलॉजिस्टचा. कॅथेटर लगेच नाही निघत. शीर फुगून जाड व्हायला सहा-आठ आठवडे, कधी जास्तही लागतात, आणि सुयांवर काही डायलिसिस नीट झाल्यावरच काढतात. माझ्या आईचा मनगटावरचा पहिला फिस्टुला बंद पडला, कोपराजवळचा चालला. त्यावर बोटं ठेवली की मांजर गुरगुरल्यासारखं लागतं. रोज सकाळी तपासायचं, थांबलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. सुयांआधी तासभर बधिर करणारं मलम लावतो. आजपासून एक करा: ज्या हाताने ते लिहीत नाहीत त्यातून रक्त काढू देऊ नका, सलाईनही नको, त्या शिरा फिस्टुलासाठी राखायच्या.

धागाकर्ती: बाप रे, परवाच डाव्या हातातून रक्त काढलं! मांजराचं बाबांना वाचून दाखवलं, पहिल्यांदाच हसले. उद्याच्या डायलिसिसला त्यांच्या डाव्या हातावर मार्करने "इथे सुई नको" लिहून पाठवते.