न वापरलेल्या कार्डाचे १,५३२ रुपये ८२ पैसे

रविवार

झोपे सर बी-३०२ (७:४२): नमस्कार. सोसायटीचा विषय नाही, आधीच क्षमा मागतो. ते क्रेडिट कार्ड, जे बंद केलं म्हणून मी गणपतीच्या मंडपात सगळ्यांना सांगितलं होतं, ते बंद झालेलंच नाही. काल बिल आलं. १,५३२ रुपये ८२ पैसे. कार्ड एकदाही वापरलेलं नाही. एकदाही! रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

बाविस्कर ए-३०४ (७:४५): आडनाव झोपे आणि झोप नाही. बँकेने आडनावपण बंद केलं वाटतं 😄

झोपे सर (७:४६): बाविस्कर, आज नको.

बाविस्कर (७:४६): सॉरी सर. काय व्हयनं पण?

बऱ्हाटे सेक्रेटरी (७:५१): सुप्रभात 🙏 सर, सांगा मोकळेपणाने, पण बँकेचं नाव ग्रुपवर नको. आपल्या दोन घरची मुलं त्याच बँकेत आहेत. उगाच वाईटपणा.

झोपे सर (८:०४): नाव नाही टाकत. पण ऐका. सव्वादोन वर्षांपूर्वी मॉलमधल्या टेबलवरच्या पोराने कार्ड गळ्यात मारलं. म्हणे लाइफटाइम फ्री. ओटीपी मागितला, मी दिला, चूक माझी. पहिलं वर्ष काही नाही. दुसऱ्या ऑक्टोबरात ४९९ आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, ५८८.८२. गुपचूप भरले. म्हणून यंदा शहाणपणा केला, ऑक्टोबरची वाट न पाहता ११ ऑगस्टला फोन करून बंद करायला सांगितलं. तेव्हा बाकी शून्य. ती मुलगी गोड बोलली, पॉइंट देते म्हणाली, मी नको म्हटलं, रिक्वेस्ट नंबर दिला. १४ ऑक्टोबरला परत ५८८.८२ लावले. मी म्हटलं चुकून आलं असेल. मग लेट फी ४०० अधिक जीएसटी, ४७२. मग पुन्हा ४७२. काल फोन केला तर म्हणतात, आमच्या टीमने तुम्हाला कॉल केला होता, तुम्ही उचलला नाही, म्हणून रिक्वेस्ट बंद केली.

बाविस्कर (८:०६): म्हणजे कार्ड बंद करा सांगितलं तर रिक्वेस्ट बंद केली. बंद तर केलंच ना भो

झोपे वहिनी बी-३०२ (८:०९): तेव्हाच मी म्हटलं होतं, ती ट्रॉली बॅग घेऊ नका. त्या बॅगेची चेन तिसऱ्या दिवशी तुटली.

झोपे सर (८:१०): बॅगेचा विषय इथे नाही.

झोपे वहिनी (८:१०): बॅगेसाठीच तर कार्ड घेतलं होतं.

महाजन काका ए-२०१ (८:१५): सर, दीड हजाराचा प्रश्न आहे. भरून टाका आणि मोकळे व्हा. सिबिल खराब झालं तर मुलाचं पुण्याच्या फ्लॅटचं लोन अडकेल. तुम्ही त्यात सहकर्जदार आहात ना? आपण सामान्य माणसं, बँकेशी भांडून काय मिळणार.

झोपे सर (८:१७): पैशांचा प्रश्न नाही काका. ३४ वर्षं गणित शिकवलं. न घेतलेल्या वस्तूचा हिशेब मला जुळत नाही.

सोनवणे बी-४०१ पुणे (८:२१): सर, सहानुभूती आहे. पण न वापरलेल्या गोष्टीचे पैसे हा विषय निघालाच आहे तर सांगतो. बी-४०१ तीन वर्षांपासून बंद आहे. मी महिना १,२०० मेंटेनन्स भरतोच, त्याबद्दल तक्रार नाही. पण वर १२० नॉन-ऑक्युपन्सी, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणूनचं शुल्क, ते कशाचे? कार्डाच्या ५८८ ला ग्रुप पेटला. माझे ३६ महिन्यांचे ४,३२० होतात.

बऱ्हाटे सेक्रेटरी (८:२३): सोनवणे साहेब, तो विषय वार्षिक सभेत झालेला आहे.

सोनवणे पुणे (८:२४): सभेला मी नव्हतो.

बऱ्हाटे सेक्रेटरी (८:२४): तेच तर.

कोल्हे ताई ए-१०२ (८:३०): ज्यांना पुढच्या रविवारच्या भरीत पार्टीला यायचं त्यांनी आज संध्याकाळपर्यंत नाव द्या. वांगी बामणोदहून येणार आहेत, माझा भाऊ आणतोय. पऱ्हाटीच्या काड्या लागतील, गॅसवर भाजलेलं भरीत मी करणार नाही, आधीच सांगते.

बाविस्कर (८:३१): आम्ही ४. पोरगं कळण्याच्या भाकरीवर ठाम आहे, पुरी नको.

राणे ए-२०३ (८:३२): ५. भरीत ठेचायची बडगी आमच्याकडे आहे.

महाजन काका (८:३३): २. तिखट जरा कमी करा मागच्यापेक्षा.

बाविस्कर (८:३३): काका, मग ते भरीत नाही, औषध होईल

झोपे सर (८:४०): भरिताला आमचे २. कार्डाबद्दल कोणी काही सांगू शकेल का?

तनुजा सरोदे ए-२०४ (९:१२): काका, आत्ता वाचलं. पैसे भरू नका लगेच. रिझर्व्ह बँकेचे कार्डाचे नियम आहेत, १ जुलै २०२२ पासून लागू. बंद करण्याची विनंती आली की ७ कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद झालंच पाहिजे, बाकी शून्य असेल तर. नाही केलं तर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे. कॉल उचलला नाही म्हणून विनंती रद्द, असं त्यात कुठेही नाही. फोन, ईमेल, ॲप, कुठूनही केलेली विनंती चालते. उलट वर्षभरापेक्षा जास्त वापर नसेल तर बँकेनेच तुम्हाला कळवून, ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर कार्ड बंद करायचं असतं.

बाविस्कर (९:१४): थांबा थांबा. दिवसाला ५००? ऑगस्ट ते जानेवारी दीडशे दिवस धरा. ७५ हजार! सर, भरीत पार्टी तुमच्याकडून

राणे (९:१५): आणि वर शेवभाजी

झोपे सर (९:१६): तनुजा, खरंच का?

तनुजा (९:२१): दीडशे नाही काका. हे ५०० बाकी शून्य असेपर्यंतच लागतात. म्हणून बँक ऑक्टोबरची फी पुढे करणार, म्हणणार बाकी होती. पण फी लागायच्या आधी तुम्ही विनंती केली होती, सगळा खेळ या क्रमावर आहे. ७ कामकाजाचे दिवस आणि मधल्या सुट्ट्या सोडून २५ ऑगस्टपासून धरलं तरी १४ ऑक्टोबरपर्यंत ५० दिवस. २५ हजार. रिक्वेस्ट नंबर आहे ना?

झोपे सर (९:२२): नंबर कॅलेंडरवर लिहिला होता. जुन्या वर्षाच्या.

तनुजा (९:२२): आणि कॅलेंडर?

झोपे सर (९:२५): रद्दीत गेलं असावं.

महाजन काका (९:२६): म्हणून म्हणतो, भरून टाका आणि मोकळे व्हा. सिबिल.

तनुजा (९:२९): महाजन काका, सिबिलची भीती खरी आहे, नाकारत नाही. पण वाद चालू असताना बँकेने कळवताना काळजी घ्यायची, शक्यतो वाद मिटल्यावरच कळवायचं, असंच नियमात आहे. झोपे काका, स्वतःचा रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो आज काढून ठेवा, म्हणजे आज काय स्थिती होती याचा कागद राहील.

सोनवणे पुणे (९:३३): तनुजा, तू सीए करतेस ना? मग हेही सांग. बंद फ्लॅटला नॉन-ऑक्युपन्सी लागतं का?

तनुजा (९:३५): नाही काका, भाड्याने दिला तरच लागतं, तेही सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत. नुसता बंद असेल तर नाही.

सोनवणे पुणे (९:३५): 🙏🙏🙏 ऐका सगळ्यांनी.

सरोदे खजिनदार ए-२०४ (९:३७): तनुजा, तू अभ्यास कर.

हा मेसेज डिलीट केला गेला.

सोनवणे पुणे (९:३८): डिलीट करून उपयोग नाही, स्क्रीनशॉट काढला आहे. बी-४०१. ४,३२०.

सरोदे खजिनदार (९:४१): मेसेज मी नाही, तिनेच काढला. आणि साहेब, तुमचा डिसेंबरचा मेंटेनन्स अजून आलेला नाही. त्यावर व्याज लावलं नाही, हे समजूतदारपणाने. उपविधीप्रमाणे लावता येतं.

सोनवणे पुणे (९:४२): धमकी समजू का?

सरोदे खजिनदार (९:४२): माहिती समजा.

बऱ्हाटे सेक्रेटरी (९:४३): कृपया 🙏 वयाचा मान ठेवू. विषय झोपे सरांचा आहे.

झोपे वहिनी (११:०५): [फोटो]

झोपे वहिनी (११:०५): कॅलेंडर सापडलं. बिबड्यांच्या डब्याखाली अंथरलं होतं. ११ ऑगस्टच्या चौकटीत "दूध अर्धा लि. जास्त", त्याच्याखाली नंबर. शेवटचा आकडा तेलाने पुसट झालाय, ३ किंवा ८.

बाविस्कर (११:०६): वहिनीले मानलं पाहिजे. बॅगेचा बदला पूर्ण

झोपे सर (११:१०): ८ आहे. माझा ३ असा नसतो.

तनुजा (११:२२): मस्त! आता काका, फोन अजिबात नको. बँकेच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा. ११ ऑगस्ट, रिक्वेस्ट नंबर, तेव्हा बाकी शून्य, फी १४ ऑक्टोबरची, सगळं तारखांसकट. ऑगस्टच्या त्या कॉलचं रेकॉर्डिंगही मागा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, सीएमएस या तक्रार पोर्टलवर. फी लागत नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी फोन १४४४८.

महाजन काका (११:२४): तोपर्यंत लेट फी वाढत राहील. भरून टाका आणि मोकळे व्हा.

झोपे सर (११:२६): काका, तुमची काळजी कळते. पण मी भरलं तर ऑगस्टमधला माझा फोन खोटा ठरतो. मला ते नको.

बाविस्कर (११:२७): काका, तुम्ही एकदा तरी वेगळं वाक्य लिहा भो

महाजन काका (११:२९): मी जगलोय म्हणून सांगतो. २००९ मध्ये माझ्याकडेही वसुलीवाली पोरं यायची, दारात उभी राहायची, शेजारी बघायचे. तुम्हाला ते माहीत नाही.

(यानंतर सव्वातास कोणाचा मेसेज नाही.)

कोल्हे ताई (१२:४४): महाजन काका, तुमच्यासाठी एक वाटी कमी तिखटाची वेगळी काढते.

मंगळवार

झोपे सर (१३:०८): जेवताना वसुलीवाल्याचा फोन. म्हणतो "अंकल, सेटलमेंट करून घ्या." मी म्हटलं, बाळा, मी कर्ज घेतलेलंच नाही, सेटल काय करू?

बाविस्कर (१३:०९): सांगायचं ना, मना कडे पैसा नही, बॅग लई जा

तनुजा (१३:१५): काका, सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर त्यांना फोन करता येत नाही. दुपारी येतो तेव्हा एवढंच सांगा, लेखी तक्रार केली आहे, तिचा नंबर हा. आणि वेळ लिहून ठेवा.

झोपे वहिनी (१३:१६): लिहिलं आहे. नवीन कॅलेंडरवर. यावर डबा ठेवणार नाही.

सोनवणे पुणे (१३:२०): डिसेंबर आणि जानेवारीचा मेंटेनन्स ऑनलाइन पाठवला आहे. १२० धरलेले नाहीत. बी-४०१.

सरोदे खजिनदार (१३:५५): मिळाले.

पुढच्या आठवड्यातला गुरुवार

झोपे सर (१८:३१): सर्वांना कळवतो. बँकेचं उत्तर आलं. कार्ड बंद. १,५३२.८२ पूर्ण माघारी, बाकी शून्य. "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

कोल्हे ताई (१८:३२): अभिनंदन सर!! 🙏

राणे (१८:३२): अभिनंदन 🙏

बाविस्कर (१८:३३): आणि ५०० वाले?

झोपे सर (१८:३५): त्यावर एक अक्षर नाही. चार ओळींचं पत्र, त्यात आकडा फक्त त्यांनी परत दिलेला.

महाजन काका (१८:३७): झालं ना सर, सुटलात. आता सोडून द्या. मुलाचं लोन होऊ द्या.

तनुजा (१८:४१): काका, रिपोर्ट परत बघा, कार्ड बंद म्हणून दिसायला हवं. आणि ५०० बद्दल वेगळा ईमेल टाका, की हा मुद्दा अनुत्तरित आहे. पहिल्या ईमेलचे ३० दिवस मोजत राहा.

झोपे सर (१८:४४): ईमेल टाकला. दोन ओळींत. ५० गुणिले ५००, उत्तर २५,०००, पायऱ्यांसह.

बाविस्कर (१८:४५): पायऱ्यांसह 😄😄 बँकेचे मार्क कापा सर

सरोदे खजिनदार (१८:५०): तनुजाच्या वतीने सांगतो, तिची परीक्षा जवळ आली आहे. यापुढे कोणी तिला कायद्याचे प्रश्न विचारू नयेत. विशेषतः पुण्याहून.

सोनवणे पुणे (१८:५२): सर, मनापासून अभिनंदन. सरोदे साहेब, प्रश्न नाही, फक्त आठवण. बी-४०१. ४,३२०. तुमच्याकडे माघारीची काही प्रथा आहे का?

बऱ्हाटे सेक्रेटरी (१८:५५): कमिटीच्या बैठकीत विषय घेतला आहे. पत्र येईल.

सोनवणे पुणे (१८:५५): चार ओळींचं?

बऱ्हाटे सेक्रेटरी (१९:०२): सर्वांना कळवण्यात येते, उद्या नळाला पाणी सकाळी ५ वाजता. मोटर लावायची पाळी बी विंगची. कोण उठणार?

झोपे सर (१९:०४): मी लावतो. आज झोप लागेल, पण उठेन.