सुतावरून स्वर्ग: मृत्यूनंतरच्या ‘पुराव्यां’विषयी

खोडरबर

परवा ‘अनाहत’ यांनी ‘मृत्यूनंतर काय, हे आता विज्ञानानेच सांगितले’ अशा शीर्षकाचे दीर्घ लेखन येथे केले. त्यातले आधार तीन होते. मरताना वजन २१ ग्रॅमने घटते, म्हणजे काहीतरी बाहेर पडते; ऊर्जा नष्ट होत नाही, म्हणून आत्माही नष्ट होत नाही; आणि हृदय बंद पडून परत आलेल्यांना बोगदा व प्रकाश दिसतो. त्याखाली ‘डोळे उघडले’, ‘शतशः आभार’ अशा प्रतिसादांची रांग लागलेली पाहून माझा संयम संपला, म्हणून हा वेगळा धागा.

ते २१ ग्रॅम कुठून आले, हे एकदा नीट पाहू. डंकन मॅकडूगल या अमेरिकन डॉक्टरने मरणासन्न रुग्णांच्या खाटा तराजूवर ठेवल्या आणि आपले निष्कर्ष १९०७ साली प्रसिद्ध केले. रुग्ण होते एकूण सहा. त्यांपैकी दोघांची मोजमापे त्याने स्वतःच बाद ठरवली. उरलेल्यांपैकी एकाचे वजन पाऊण औंसाने, म्हणजे सुमारे २१ ग्रॅमने घटल्याचे त्याने नोंदवले. बाकीच्यांचे आकडे या आकड्याशी जुळत नाहीत. पुढे त्याने पंधरा कुत्र्यांवर हाच प्रयोग केला, त्यांचे वजन घटले नाही, आणि ते त्याने कुत्र्यांना आत्मा नसल्याचे लक्षण मानले. ज्यांना त्या एका रुग्णाचा आकडा प्रमाण वाटतो, त्यांनी कुत्र्यांचा निकालही पत्करावा. भूतमात्रांत एकच आत्मा मानणाऱ्यांना तो परवडेल का, हे त्यांनीच ठरवावे.

ऊर्जेविषयी काय बोलावे? मी तीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवले आहे आणि ऊर्जा अक्षय्यतेच्या नियमाइतके हाल दुसऱ्या कोणत्याही नियमाचे झालेले मी पाहिलेले नाहीत. मृत शरीरातली उष्णता खोलीत जाते, पेशींतली रासायनिक ऊर्जा सूक्ष्मजीवांकडे किंवा ज्वाळांकडे जाते, आणि हिशेब तिथे पूर्ण होतो. आत्म्याच्या नावे काही शिल्लक उरत नाही. मेणबत्ती विझल्यावर ऊर्जा कुठे गेली, हे मी विद्यार्थ्यांना सांगू शकतो. ज्योत कुठे गेली, हा प्रश्नच चुकीचा आहे.

माझी तक्रार श्रद्धेविषयी नाही. स्वतःच्या पायांवर उभ्या असलेल्या श्रद्धेला भाड्याचे साक्षीदार आणून बसवण्याविषयी आहे.

अनाहत

मूळ लेखन माझे असल्यामुळे उत्तर देणे भाग आहे. वजनाचा मुद्दा मी मागे घेतो. तो मला एका निरोपातून आला होता आणि मी तो तपासला नाही. खोडरबर यांना यामुळे जो आनंद होईल, तो त्यांनी मनसोक्त उपभोगावा.

परंतु तिसऱ्या मुद्द्याला त्यांनी स्पर्शही केला नाही, हे सोयीचे आहे. पिम व्हॅन लोमेल या डच हृदयरोगतज्ज्ञाचा अभ्यास २००१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हृदय बंद पडून वाचलेल्या ३४४ रुग्णांपैकी ६२ जणांनी, म्हणजे १८ टक्क्यांनी, असे अनुभव सांगितले. मेंदूला प्राणवायू कमी पडणे हेच जर कारण असेल, तर ते सर्वच रुग्णांना लागू होते. मग उरलेल्या २८२ जणांना काहीच का दिसले नाही?

कठोपनिषदातल्या नचिकेत्याने यमाला हेच विचारले होते: मेलेला माणूस असतो असे काही म्हणतात, नसतो असे काही म्हणतात, तर खरे काय? यमानेही आधी टाळाटाळच केली. देवांनाही याविषयी संशय होता, दुसरा वर माग, असे तो म्हणाला. देवांना जो संशय होता, तो तीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवून फिटतो, हे मला ठाऊक नव्हते.

आणि एक गोष्ट मी मूळ लेखात लिहिली नव्हती. आई जाण्याच्या दोन दिवस आधी मी तिच्या खाटेवर पायांशी बसलो होतो. ती माझ्याकडे पाहून, अगदी नेहमीच्या आवाजात, म्हणाली, “सरक जरा, तिला बसू दे.” कोणाला, असे विचारल्यावर तिने मावशीचे नाव घेतले. मी सरकलो. माझा मोठा भाऊ शेजारीच उभा होता, तो वाकून म्हणाला, “आई, मावशीला जाऊन सात वर्षे झाली.” आईने त्याच्याकडे पाहिले, पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतले आणि भिंतीकडे तोंड केले. त्यानंतर ती आमच्यापैकी कोणाशीही बोलली नाही. ती काय पाहत होती, हे मला सांगता येणार नाही. मात्र भावाने तिच्यापासून काय हिरावून घेतले, हे मी पाहिले आहे.

पूर्णविराम

आईविषयी वाईट वाटले. तरीही स्पष्ट लिहितो: तुमचा भाऊ बरोबर होता.

अखेरच्या दिवसांत वेदनाशामके, जंतुसंसर्ग, झोपेचा अभाव आणि निकामी होत चाललेले मूत्रपिंड यांमुळे बुद्धिभ्रम होतो, हे कोणताही डॉक्टर सांगेल. अशा अवस्थेतल्या माणसाचे उद्गार परलोकाची साक्ष म्हणून मांडणे हा त्या माणसावरही अन्याय आहे. ‘पण माझ्या आईने पाहिले’ या वाक्यापुढे प्रत्येक चर्चा गुडघे टेकते, याचा मला मनापासून कंटाळा आला आहे.

लोमेल यांच्या प्रश्नाचे उत्तर फार अवघड नाही. स्वप्ने सर्वांनाच पडतात, सकाळी आठवतात काहींनाच. सॅम पार्निया या डॉक्टरांचा २०१४ सालचा अभ्यास तुम्ही का वगळलात? शरीराबाहेर पडून वरून पाहिल्याचे सांगणारे खरेच पाहतात का, हे तपासण्यासाठी पंधरा रुग्णालयांत, छताजवळच्या फळ्यांवर, फक्त वरूनच दिसतील अशी चित्रे ठेवली होती. हृदय बंद पडण्याच्या २०६० घटना नोंदवल्या गेल्या. चित्र किती जणांनी सांगितले? एकानेही नाही.

अनाहत

अर्धेच का सांगता? बहुतेक घटना, सुमारे ७८ टक्के, फळ्या नसलेल्या जागी घडल्या होत्या, आणि ज्या दोन रुग्णांनी पाहिल्याचे-ऐकल्याचे सांगितले, त्यांच्या खोल्यांतही फळी नव्हती. जिथे चित्रच नव्हते, तिथे ते कोणी पाहावे?

पूर्णविराम

मान्य. म्हणजे तो अभ्यास तुमच्या बाजूनेही काही सांगत नाही. अभिनंदन.

रिकामी ओंजळ

मी परिचारिका आहे आणि गेली एकोणीस वर्षे, ज्यांचा आजार बरा होणार नाही अशा रुग्णांची शुश्रूषा करते आहे. पूर्णविराम यांचा बुद्धिभ्रमाविषयीचा परिच्छेद वाचून राहवले नाही, कारण तो पुस्तकात बरोबर आणि खाटेजवळ अपुरा आहे.

बुद्धिभ्रम झालेला रुग्ण कसा असतो, हे मला रोज दिसते. तो अस्वस्थ असतो, नळ्या उपसतो, भिंतीवर किडे पाहतो, आपण कुठे आहोत हे त्याला उमगत नाही, आणि त्याची भीती त्याच्या हाताला हात लावताच कळते. अनाहत यांच्या आईसारखे रुग्ण वेगळे असतात. त्यांना आपला मुलगा कोण, खाट कोणाची, मुलाने किती सरकायचे, हे सर्व समजत असते. फक्त खोलीत एक माणूस जास्त असते. अमेरिकेत बफेलो येथील एका शुश्रूषागृहात ख्रिस्तोफर कर आणि सहकाऱ्यांनी अशा ५९ रुग्णांना दररोज विचारून नोंदी ठेवल्या होत्या. त्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झाल्या. सुमारे ८८ टक्के रुग्णांनी असे किमान एक स्वप्न किंवा दर्शन सांगितले. मृत्यू जवळ येत गेला तशी दिवंगत माणसे अधिक दिसू लागली, आणि त्या दर्शनांनी सर्वाधिक दिलासा दिला.

यावरून मावशी खरोखर आली होती, असे मी म्हणत नाही. ती आली नव्हती, हे सांगण्याची घाई भावाला का झाली, एवढेच मी विचारते. वाद जिंकण्यासाठी माणसांना मरणाऱ्याचीच खाट का लागते, हे मला एकोणीस वर्षांत कळलेले नाही. आस्तिकही कमी नाहीत. शुद्ध हरपत चाललेल्या एका निरीश्वरवादी गृहस्थाच्या कानाशी त्यांचे नातलग तासभर ईश्वराचे नाव घेत होते, आणि ते गृहस्थ मान फिरवत होते.

पूर्णविराम

म्हणजे रुग्णाशी खोटे बोलावे, असे तुमचे मत आहे. वडिलांच्या शेवटच्या आठवड्यात सारे घर त्यांना ‘तुम्ही बरे होणार’ असे सांगत होते. त्यांना सर्व समजत होते. एका रात्री माझा हात धरून ते म्हणाले, “तू तरी खरे बोल.” मी बोललो. त्यानंतर त्यांनी शांतपणे कागदपत्रांविषयी, आईविषयी, एका जुन्या भांडणाविषयी सांगितले. ते खोटेपणात गेले असते, तर यातले काहीच झाले नसते. तेव्हा मला कोमलतेचे धडे देऊ नयेत.

रिकामी ओंजळ

आपल्या वडिलांनी खरे मागितले आणि आपण ते दिले. यात मला काहीच गैर दिसत नाही, उलट आदर वाटतो. अनाहत यांच्या आईने खरे-खोटे काही मागितलेच नव्हते. तिने जागा मागितली होती. अशा वेळी मी “त्या काय म्हणतात?” एवढेच विचारते. प्रश्न विचारणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे.

पूर्णविराम

प्रश्नाच्या वेषातले ते खोटेच आहे. मात्र चांगले शिवलेले आहे, हे कबूल करतो.

तिसरा पहारा

चर्चा खाटेभोवती अडकली आहे, म्हणून मूळ प्रश्नाकडे वळतो. अनाहत म्हणतात कोणीतरी जातो. पूर्णविराम म्हणतात तो कोणीतरी संपतो. ‘कोणीतरी’ होता, हे दोघांनीही तपासल्याशिवाय गृहीत धरले आहे. खोडरबर यांची ज्योत नागसेन या बौद्ध भिक्षूने मिलिंद राजापुढे दोन हजार वर्षांपूर्वीच ठेवली होती: रात्रीच्या पहिल्या पहारी जळणारी ज्योत आणि शेवटच्या पहारी जळणारी ज्योत एकच का? तीच नव्हे, आणि दुसरीही नव्हे. मालुंक्यपुत्त हा शिष्य हट्टाला पेटला, तेव्हाही तथागत, म्हणजे बुद्ध, मृत्यूनंतर असतो की नसतो, याचे उत्तर खुद्द बुद्धांनी दिले नाही. बाण लागलेल्याने तो कोणी मारला याची चौकशी पुरी होईपर्यंत बाण काढू न देण्यासारखे ते आहे, असे ते म्हणाले.

अमुकतमुक

थोडक्यात, नरो वा कुंजरो वा.

अनाहत यांना एक आठवण करून देतो. उपनिषदे एका सुरात बोलत नाहीत. ‘मेल्यानंतर संज्ञा उरत नाही’ असे याज्ञवल्क्याने खुद्द मैत्रेयीला सांगितले आणि ती गोंधळून गेली. आर्तभागाने भर सभेत मेलेल्या माणसाचे काय होते असे विचारले, तेव्हा तर याज्ञवल्क्याने त्याचा हात धरून त्याला बाजूला नेले, कारण हे लोकांत बोलण्याजोगे नव्हते. आपण नेमके लोकांतच बोलत आहोत.

साक्षी

येथे मृत्यूनंतरचे जीवन म्हणजे शरीर टाकून निघालेला आत्मा, असे सर्वांनीच धरून चालले आहे. ही माझी जुनी तक्रार आहे. ख्रिस्ती मतांगीकारात देहाच्या पुनरुत्थानावर विश्वास व्यक्त केला जातो; इस्लाममधली कियामत, म्हणजे अंतिम निवाड्याचा दिवस, हीही उठवल्या जाणाऱ्या माणसांची आहे. तिथे आशा तराजूवरून निसटणाऱ्या वाफेची नसून संपूर्ण माणसाची आहे. हे सिद्ध करण्याचा माझा दावा नाही. नाकारायचे असेल तर निदान जे म्हटले आहे तेच नाकारावे.

खोडरबर

साक्षी यांचा आक्षेप रास्त आहे. मी एकाच कल्पनेला उत्तर दिले होते.

पुनर्जन्माच्या आठवणींचा विषय कोणी काढण्याआधीच सांगतो, कारण तो निघणारच. इयान स्टीव्हन्सन या मनोविकारतज्ज्ञाने मुलांनी सांगितलेल्या अशा आठवणी अनेक दशके कष्टाने गोळा केल्या. त्यांतला मला सर्वांत बोलका वाटणारा भाग त्यानेच प्रामाणिकपणे नोंदवला आहे: मृत्यूनंतर लगेच आणि त्याच लिंगात जन्म होतो असे मानणाऱ्या, पश्चिम आशियातल्या द्रूझ या धार्मिक समाजात लिंगबदलाच्या आठवणी सापडत नाहीत, जिथे तसे बंधन मानत नाहीत, तिथे त्या सापडतात. मेल्यानंतरही माणूस शेजाऱ्यांचे मत मोडत नाही, असे मानावे लागेल.

आता खाटेविषयी. माझे वडील माझ्याहून कडवे नास्तिक होते. शेवटच्या दिवसांत एका दुपारी त्यांनी विचारले, “आता पुढे काय रे?” मी एपिक्युरस हा ग्रीक तत्त्वज्ञ सांगितला: आपण असतो तेव्हा मृत्यू नसतो, मृत्यू असतो तेव्हा आपण नसतो. त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि म्हणाले, “त्याला नाही, तुला विचारतोय.” मला उत्तर देता आले नाही. मी उशी नीट केली. ‘रिकामी ओंजळ’ यांचा प्रश्न तेव्हा मला सुचला असता तर बरे झाले असते, एवढे कबूल करतो. यावरून परलोक सिद्ध झाला, असे कोणी कृपया लिहू नये.

अनाहत

कोणी लिहिणार नाही. भावाला हा धागा वाचायला पाठवणार होतो, तो विचार आता रद्द केला आहे. मूळ लेखातला वजनाचा परिच्छेद काढून टाकला आहे आणि शीर्षकातले ‘विज्ञानानेच’ही गाळले आहे. ऊर्जेचा परिच्छेद ठेवला आहे.

खोडरबर

ऊर्जेचाही काढा.