मेथिलेशन = मिथिलीकरण? की दुसरा काही शब्द आहे?

नमस्कार मंडळी, लाँग-रीड सिक्वेन्सिंगवर (डीएनएचे लांबलचक तुकडे वाचायचं तंत्र) मराठीत लेख लिहितेय आणि मेथिलेशनपाशी गाडी अडकलीये. पुस्तकी शब्द मिथिलीकरण. पण ‘-करण’ लागलं की आपल्याला काम चालू असल्यासारखं वाटतं, विद्युतीकरण म्हणजे वीज पोचवण्याचं काम, घरात वीज आहे ही स्थिती नव्हे. आणि सिक्वेन्सर काय दाखवतो, तर डीएनएच्या सी या अक्षरावर मिथाइल गट (एक छोटा रासायनिक गट) बसलाय की नाही एवढंच. काहीजण सरळ ‘डीएनएतला बदल’ लिहितात, ते मला अजिबात पटत नाही, वाचणाऱ्याला म्युटेशनच वाटणार, इथे तर अक्षर तेच राहतं. सुचवा ना काहीतरी.

प्रतिसाद १
‘खूण’ म्हणा ताई. मी रोज हाच डेटा बघतो आणि शिकाऊ मुलांना अनुस्वाराचं उदाहरण देतो. अक्षर तेच, वर टिंब आहे की नाही ते बघायचं. पीसीआरने डीएनएची नक्कल काढली की अक्षरं सगळी येतात, टिंबं गळतात. म्हणून १९९२ पासून बायसल्फाइटची पद्धत आली, त्यात बिनखुणेचा सी शेवटी टी म्हणून वाचला जातो आणि खुणेचा सी तसाच राहतो, पण त्या रसायनाने डीएनएचे बारीक तुकडे पडतात. नॅनोपोअर या लाँग-रीड तंत्रात मूळ धागाच छिद्रातून सरकतो, टिंब असेल तर करंट किंचित वेगळा येतो, म्हणजे अक्षर आणि खूण एकाच वाचनात मिळतात. पॅकबायो या दुसऱ्या लाँग-रीड तंत्रात एन्झाइमला पुढचं अक्षर जोडायला किती वेळ लागला त्यावरून खूण कळते.

प्रतिसाद २
खूणपेक्षा ठसा भारदस्त वाटतो की.

प्रतिसाद १
ठसा इम्प्रिंटिंगसाठी (प्रत आईकडची की वडिलांकडची त्यावर खूण ठरते, त्याला) राखून ठेवा, प्लीज. १५ नंबरच्या क्रोमोसोमवर एसएनआरपीएन जीनपाशी स्क्रीनवर बघा, खूण असलेला सी लाल, नसलेला निळा. निम्मे रीड (वाचलेले तुकडे) लाल, निम्मे निळे, सगळी खिचडी. पण रीड हजारो अक्षरांचे असल्यामुळे वाटेत माणसामाणसात वेगळी असणारी अक्षरं सापडतात, त्यावरून आईकडची प्रत आणि वडिलांकडची प्रत वेगळी काढता येते, आणि मग आईकडची अख्खी लाल, वडिलांकडची अख्खी निळी! हा आईवडिलांचा ठसा. प्राडर-विली हा जनुकीय आजार असलेल्या मुलात इथे निळं दिसतच नाही. मला पहिल्यांदा हे दिसलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो होतो. दोन्ही गोष्टींना ठसा म्हटलंत तर हे वाक्य लिहिताच येणार नाही.

मूळ लेखिका
पटलं. मिथिलीकरण फक्त क्रियेला, म्हणजे पेशीतले एन्झाइम मिथाइल गट बसवतात त्याला. आता लाँग-रीड? ‘दीर्घ वाचन’ लिहिलं तर वाचनालयात तासन्‌तास बसल्यासारखं वाटतंय.

प्रतिसाद ३
लांब आहे तो तुकडा, वाचन नाही. ‘लांब तुकड्यांचं वाचन’ म्हणा. ‘अखंड वाचन’ नको, क्रोमोसोम एका दमात वाचला असा अर्थ निघतो आणि ते खोटं आहे.

मूळ लेखिका
मग वाक्य असं करते, बघा कसं वाटतंय: ‘लांब तुकड्यांच्या वाचनात डीएनएची अक्षरं आणि त्यांच्यावरच्या मिथाइल खुणा एकदमच कळतात, आणि कुठली खूण आईकडच्या प्रतीवर आहे, कुठली वडिलांकडच्या, तेही सांगता येतं.’